तापल्यावर बळावणारे, गार असताना फुटणारे: इंटरमेटॅलिक मिश्रधातूंचा स्वभाव

तांब्याचा तांब्या हातातून निसटला तर त्याला पोचा येतो. ओतीव काशाची वाटी निसटली तर तिला तडा जातो. दोन्हींत मुख्य धातू तांबंच आहे. काशात सुमारे २२ टक्के कथील असतं, एवढाच काय तो फरक.

ओतलेलं कासं हळूहळू गार होऊ दिलं की ५२० अंश सेल्सिअसच्या खाली त्यात तांबं आणि कथील यांचं एक ठरलेल्या प्रमाणातलं संयुग तयार होतं: तांब्याचे ४१ अणू, कथलाचे ११. धातुशास्त्रात या घटकाला डेल्टा म्हणतात. तो कठीण असतो आणि काचेसारखा तडकतो. पण तोच गोळा ६५०-७०० अंशांवर लालबुंद असताना त्यात डेल्टा नसतोच. त्या तापमानाला असणारी बीटा नावाची रचना मऊ असते आणि हातोड्याखाली पसरते. म्हणून घडीव काशाचं भांडं लाल असतानाच ठोकतात, लाली उतरली की पुन्हा भट्टीत घालतात, आणि शेवटी लाल असतानाच पाण्यात बुडवतात. पाण्यात पडल्यावर डेल्टा तयार व्हायला सवडच मिळत नाही. पोलाद पाण्यात बुडवलं की ठिसूळ होतं, काशाचं नेमकं उलट. लाली उतरल्यावर घातलेला एखादा घाव मात्र अख्खं भांडं वाया घालवायला पुरतो.

डेल्टा हा इंटरमेटॅलिक आहे. मराठीत आंतरधातू संयुग असा शब्द आहे, पण कारखान्यात आणि प्रयोगशाळेत सगळे इंटरमेटॅलिकच म्हणतात. या कुटुंबात जेट इंजिनाच्या पात्यांपासून भट्टीच्या हीटरपर्यंत बरेच सदस्य आहेत. ‘धातू तापला की मऊ पडतो’ हा आपला रोजचा नियम त्यांच्याकडे जसाच्या तसा चालत नाही. कुणी इंटरमेटॅलिकच्या मजबुतीचा एकच आकडा सांगितला, तर तो किती तापमानाचा, कोणत्या हवेतला आणि किती वेगाने ओढून काढलेला, हे विचारल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. (मजबुती मोजतात ती तुकडा ओढून.)

जागा ठरलेले अणू

पितळेत जस्ताचे अणू तांब्याच्या जाळीत कुठेही बसतात. इंटरमेटॅलिकमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली असते. निकेल ॲल्युमिनाइड, म्हणजे निकेल आणि ॲल्युमिनियमचं संयुग, त्याचा ३:१ प्रकार घ्या: तीन निकेल, एक ॲल्युमिनियम. त्यात प्रत्येक घनाच्या कोपऱ्यांवर ॲल्युमिनियम आणि सहा बाजूंच्या मध्यभागी निकेल. १:१ प्रकारात कोपऱ्यांवर एक आणि घनाच्या पोटात दुसरा. ही शिस्त काही संयुगांत थेट वितळेपर्यंत टिकते. अणूंना जागा बदलणं अवघड जात असल्यामुळे गरम असताना, भार असताना हळूहळू लांबत जाणं, म्हणजे क्रीप, कमी होतं. या फायद्याची किंमत गार असताना मोजावी लागते.

धातू वाकतो म्हणजे त्याचे थर एकमेकांवरून सरकतात. अख्खा थर एकदम सरकत नाही. डिसलोकेशन नावाचा एक रेषेसारखा दोष थरातून पुढे जातो आणि मागचा भाग एका अणूइतका सरकलेला असतो. साध्या धातूत हा दोष एकटा फिरतो. इंटरमेटॅलिकमध्ये त्याला एकटं फिरणं परवडत नाही. बुद्धिबळाचा पट मधून कापा आणि वरचा अर्धा भाग एक घर सरकवा. कापलेल्या रेषेवर काळ्यासमोर काळं आणि पांढऱ्यासमोर पांढरं येईल. आणखी एक घर सरकवा, सगळं पुन्हा जुळेल. इंटरमेटॅलिकमध्येही तसंच होतं: पहिला दोष शिस्त मोडत जातो, दुसरा त्याच्या मागोमाग येऊन ती पुन्हा बसवतो. म्हणून दोष जोडीने चालतात, आणि दोघांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत चुकीचे शेजारी बसलेले असतात. त्या पट्टीत ऊर्जा अडकलेली असते. पुढे जो चमत्कारिक प्रकार येतो तो याच पट्टीमुळे.

तापवा, जास्त जोर लागेल

१९५७ साली वेस्टब्रुक यांनी टर्बाइनच्या मिश्रधातूंत सापडणाऱ्या संयुगांचा कठीणपणा गरम असताना मोजला. ३:१ निकेल ॲल्युमिनाइडचा कठीणपणा तापमानाबरोबर घसरण्याऐवजी टिकला आणि वाढला. नंतर ओढून केलेल्या चाचण्यांतही तेच दिसलं. द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांपासून निघालं तर कायमचं वाकवायला लागणारा ताण, म्हणजे यील्ड स्ट्रेंग्थ, ६०० ते ८०० अंशांच्या दरम्यान कुठेतरी शिखर गाठेपर्यंत काही पटींनी वाढतो. शिखर नेमकं कुठे येईल ते रचनेवर आणि स्फटिक कोणत्या दिशेने ओढला त्यावर ठरतं. शिखरानंतर ताण झपाट्याने कोसळतो.

याचं कारण कियर आणि विल्सडॉर्फ यांनी १९६२ मध्ये मांडलं. जोडीने चालणारे दोष ज्या तिरक्या थरावर सहज सरकतात, तिथे मधल्या पट्टीची ऊर्जा जास्त असते. घनाच्या सपाट बाजूला समांतर असलेल्या थरावर ती कमी असते. त्यामुळे संधी मिळाली की पुढचा दोष त्या सपाट थरावर उतरतो. पण तिथे कमी तापमानाला घर्षण इतकं असतं की उतरलेला पाय पुढे पडत नाही आणि मागेही येत नाही. जोडी कुलूपबंद होते. या कुलपांना धातुशास्त्रात कियर-विल्सडॉर्फ लॉक असंच म्हणतात. थर बदलण्याची ही उडी उष्णतेच्या धक्क्याने होते, म्हणून तापमान जितकं जास्त तितकी कुलपं जास्त आणि धातू वाकवायला तितका जोर जास्त. शिखराच्या पलीकडे सपाट थरावरचं घर्षणही हरतं, दोष तिथूनच सरकू लागतात आणि कुलपं निकामी होतात.

याचा पडताळा दोन गोष्टींत मिळतो. एक, हा बदल बहुतांशी उलटणारा आहे. तुकडा ७०० अंशांवर थोडा ओढला आणि गार करून पुन्हा ओढला, तर ताण जवळपास थंडीतल्या पातळीला परत येतो. म्हणजे तापवल्याने धातूत काही कायमचं ‘पक्कं’ होत नाही. दुसरी गोष्ट जास्त मजेची आहे. थॉर्नटन, डेव्हिस आणि जॉन्स्टन यांनी १९७० मध्ये दाखवलं की तुकडा कायमचा लाखात एक भाग इतकाच लांबल्यावर ताण मोजला, तर तापमानाबरोबरची ही वाढ दिसतच नाही. नेहमीच्या ०.२ टक्के मापावर ती ठळक दिसते. कुलपं लागायला दोषांनी आधी थोडं चालावं लागतं. तक्ता वाचताना ताण किती लांबीवर मोजला आहे हे न पाहणारा इथे हमखास फसतो.

विमानाच्या टर्बाइनची पाती ज्या निकेल सुपरअलॉयची (प्रखर उष्णतेत टिकणाऱ्या मिश्रधातूची) असतात, त्यांत हेच संयुग गॅमा प्राइम नावाने बसलेलं असतं. सिंगल क्रिस्टल, म्हणजे अख्ख्या एकाच स्फटिकाच्या, पात्यात त्याचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास जातं. अर्ध्या मायक्रॉनएवढे चौकोनी ठोकळे, आणि त्यांच्या फटींत मऊ निकेलचा गारा, असं ते बांधकाम आहे. ठोकळा गरम होताना बळावतो, गारा तडा पसरू देत नाही. अर्थात पात्याची सगळी ताकद या एकाच गुणावर उभी नाही. ठोकळा आणि गारा यांच्या सांध्यावरही दोष अडतात. साधारण १,२५० ते १,३०० अंशांच्या पुढे ठोकळे गाऱ्यात विरघळतात, मग उरतो फक्त गारा. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेने अशी सिंगल क्रिस्टल पाती ओतण्याचं तंत्र बसवलं आणि २०२१ मध्ये हेलिकॉप्टर इंजिनासाठी ६० पात्यांचा पहिला संच एचएएल या सरकारी विमान कंपनीला दिला.

हवाही परीक्षेला बसते

नुसत्या ३:१ निकेल ॲल्युमिनाइडचा एकच स्फटिक वाकतो. पण अनेक कणांचा, म्हणजे बारीक स्फटिकांचा, तुकडा खोलीच्या तापमानाला कणांच्या सीमांवरून बिस्किटासारखा मोडतो. १९७९ मध्ये जपानच्या आओकी आणि इझुमी यांनी त्यात चिमूटभर बोरॉन घातलं आणि तो लांबू लागला. वजनाने ०.१ टक्का बोरॉन पुरतं, पण ॲल्युमिनियमचे अणू २५ टक्क्यांपेक्षा थोडे कमी, साधारण २४ टक्के, ठेवावे लागतात. प्रमाण बरोबर २५ किंवा जास्त झालं की बोरॉनचा गुण येत नाही. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेत हे पुढे नेलं गेलं आणि चांगले तुकडे तुटण्याआधी जवळपास ५० टक्क्यांपर्यंत लांबू लागले.

मग कळलं की ठिसूळपणात खोट निव्वळ सीमांची नव्हती. अतिशय कडक निर्वातात ओढल्यावर बोरॉन नसलेला तुकडाही बऱ्यापैकी लांबतो. गुन्हेगार हवेतली वाफ होती. ताण पडून ताजा पृष्ठभाग उघडला की ॲल्युमिनियम पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि सुटा झालेला हायड्रोजन अणू तड्याच्या टोकातून आत शिरून धातू ठिसूळ करतो. लोह ॲल्युमिनाइडवर हे सर्वांत स्वच्छ दिसलं. ३६.५ टक्के ॲल्युमिनियम असलेला तोच धातू, तेच खोलीचं तापमान, आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेले हे आकडे: हवेत लांबी (तुटण्याआधी झालेली वाढ) २.२ टक्के, निर्वातात ५.४ टक्के, कोरड्या ऑक्सिजनमध्ये १७.६ टक्के. ऑक्सिजनमध्ये निर्वातापेक्षाही जास्त, कारण तो पृष्ठभागावर आधी बसतो आणि वाफेला जागा ठेवत नाही. म्हणजे ऑगस्टमध्ये मुंबईत ओढलेला तुकडा आणि कोरड्या वायूच्या पेटीत ओढलेला तुकडा यांची तुलना करून मिश्रधातूच्या रचनेला दोष देणं चूक ठरेल.

आता तापमान वाढवा, ऑक्सिजनची भूमिका उलटते. बोरॉन घातलेलं निकेल ॲल्युमिनाइड ६०० ते ८०० अंशांवर हवेत ओढलं की लांबी काही टक्क्यांवर येते. ताणलेल्या सीमांतून ऑक्सिजन आत घुसतो. योगायोग असा की ताकदीचं शिखरही याच पट्ट्यात आहे. सर्वांत बळकट जागी सर्वांत कमी लवचीक! यावर उपाय क्रोमियमचा. साधारण ८ टक्के क्रोमियम घातलं की पृष्ठभागावर लवकर संरक्षक थर बसतो आणि घसरण बरीच सावरते. भट्टीतल्या रोलरांसाठी आणि कार्बरायझिंगच्या (पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवण्याच्या) ट्रेंसाठी बनवलेल्या निकेल ॲल्युमिनाइडच्या ओतीव मिश्रधातूंत क्रोमियम असतं ते मुख्यतः यासाठी.

१:१ निकेल ॲल्युमिनाइड १,६३८ अंशांपर्यंत वितळत नाही, सुपरअलॉयपेक्षा बरंच हलकं आहे आणि उष्णता कितीतरी चांगली वाहून नेतं. तरीही त्याची पाती झाली नाहीत. कणाला कोणत्याही आकारात वाकायचं तर सरकण्याच्या पाच स्वतंत्र दिशा लागतात, याला मिळतात तीन. ३००-४०० अंशांखाली ते फुटतं आणि खूप वर गेलं की क्रीपमध्ये लांबतं. ते टिकलं पात्यावरच्या लेपाच्या रूपात. तिथेही तोच धडा आहे: ॲल्युमिनियम जितकं जास्त, तितका लेप ठिसूळपणातून बाहेर यायला जास्त तापमान लागतं. इंजिन सुरू आणि बंद होताना पातं ताणलं जातं, त्या क्षणी लेप पुरेसा तापलेला नसेल तर त्याला तडा जातो आणि तो खालच्या धातूत उतरतो.

हलकं पातं आणि आदळलेला तुकडा

टायटॅनियम ॲल्युमिनाइडची घनता ४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या आसपास, निकेल सुपरअलॉयची ८ च्या वर. पातं निम्म्या वजनाचं झालं की ते धरून ठेवणारी चकतीही हलकी करता येते. बोइंग ७८७ वरच्या जीईएनएक्स इंजिनात लो प्रेशर टर्बाइनच्या शेवटच्या दोन टप्प्यांतली पाती याच धातूची आहेत. त्यातल्या मिश्रधातूत १०० पैकी ४८ अणू ॲल्युमिनियमचे, दोन क्रोमियमचे, दोन नायोबियमचे, बाकी टायटॅनियम.

खोलीच्या तापमानाला हा धातू तुटण्याआधी एक ते दोन टक्केच लांबतो. सातशे अंशांच्या आसपास तो ठिसूळपणा सोडून लांबू लागतो. या सीमेला ठिसूळ-तन्य संक्रमण तापमान म्हणतात आणि ते वेगावर हलतं. हळू ओढलं तर सीमा खाली येते, झटका दिला तर वर सरकते. दोषांना सरकायला वेळ लागतो, झटक्यात तो मिळत नाही. ७५०-८०० च्या वर क्रीप आणि ऑक्सिडेशन सुरू होतं. म्हणजे आरामात वागण्याचा पट्टा मुळातच अरुंद आहे.

कणांची मांडणीही निवडावी लागते. पूर्णपणे पातळ थरांची मांडणी केली तर तडा अडतो आणि क्रीप कमी होतं, पण गार असताना लांबी एका टक्क्याच्याही खाली जाते. थर आणि गोल कण मिसळले तर लांबी वाढते आणि तडा अडवण्याची ताकद घटते. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

कारखान्यात याचे परिणाम लगेच दिसतात. इलेक्ट्रॉन बीमने पावडर वितळवून पातं छापताना पावडरीचा थर १,००० अंशांच्या वर तापवून ठेवतात, म्हणजे छपाई चालू असेपर्यंत धातू ठिसूळ पट्ट्यात उतरत नाही. गार थरावर लेसरने छापलं की गार होतानाच्या ताणाने तडे जातात. मशीनिंगमध्ये बोथट इन्सर्ट (कापणारं टोक) आणि जास्त फीड (हत्यार पुढे सरकण्याचं प्रमाण) वापरला की पृष्ठभागावर बारीक तडे राहतात. तिथे एक-दोन टक्क्यांची लांबीही उरत नाही.

झटक्याचा मुद्दा भारतीय प्रवाशांच्या अगदी जवळून गेला आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाने इंडिगोला ए३२० निओ विमानांवरची प्रॅट अँड व्हिटनी इंजिनं सुधारित इंजिनांनी बदलायला सांगितलं. लो प्रेशर टर्बाइनच्या तिसऱ्या टप्प्यातली पाती तुटण्याचे प्रसंग त्यामागे होते. ती टायटॅनियम ॲल्युमिनाइडची होती. पुढच्या भागातून सुटलेला तुकडा आदळला तर निकेलचं पातं दबून निभावतं, हे पातं मोडतं. स्थिर भारावर मोजलेली ताकद इथे कामी येत नाही.

गरम चाचणी आणि तिच्यातल्या खोड्या

असे आकडे काढणाऱ्या टेन्साइल टेस्टमध्ये, म्हणजे तुकडा ओढून पाहण्याच्या चाचणीत, बिघडण्याच्या जागा बऱ्याच आहेत. एएसटीएम ई२१ या प्रमाणानुसार साधारण ९८० अंशांपर्यंत तापमान ±३ अंशांत राहिलं पाहिजे आणि यील्डपर्यंत मिनिटाला मूळ लांबीच्या ०.००५ पट या दराने ओढायचं असतं. साध्या पोलादात पाच-दहा अंश इकडेतिकडे झाले तर फारसं बिघडत नाही. संक्रमण तापमानाच्या उंबरठ्यावर तेवढ्यात ठिसूळ तुकडा तन्य ठरतो.

तुकडा भट्टीत तापतो तसा फुगतो. दोन्ही ग्रिप घट्ट धरून मशीन तशीच ठेवली तर तुकडा तापतानाच दाबला जातो. म्हणून तापवताना मशीन भार-नियंत्रणावर, जवळपास शून्य भारावर ठेवायची आणि तापमान स्थिर झाल्यावरच ओढायला घ्यायचं. तापमान मोजणारं थर्मोकपल स्पॉट वेल्डने चिकटवायचं नाही. वेल्डचा ठिपका ठिसूळ इंटरमेटॅलिकमध्ये तड्याचा जन्मबिंदू बनतो. ते तारेने बांधून टेकवतात, आणि एक नाही तर वर, मध्ये, खाली अशी तीन. ग्रिपची रेष जराशी तिरकी असेल तर पोलाद वाकून जुळवून घेतं. इथे तुकडा एका बाजूने आधीच तुटतो आणि कागदावर मिश्रधातू कमजोर ठरतो. लेथवरच्या खुणा एमरी पेपरने आणि नंतर इलेक्ट्रोपॉलिशने काढल्याशिवाय गार चाचणीचा आकडा धरूच नये.

रोजच्या हाताळणीतला इंटरमेटॅलिक

इंजिन सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे हीटर मात्र सिरॅमिक प्रयोगशाळांत आणि झिरकोनियाचे दात भाजणाऱ्या डेंटल लॅबमध्ये रोज वापरात असतात. यू आकाराची राखाडी कांडी, गरम भाग ६ मिलिमीटर जाड, वरचे पाय १२ मिलिमीटर. साध्या हवेत १,७०० अंशांपर्यंत चालणारे हीटर फार थोडे आहेत, त्यांतला हा.

साधारण १,००० अंशांच्या खाली ही कांडी चिनीमातीसारखी असते. क्लॅम्प आवळताना पिळली किंवा विटेच्या भोकात तिरकी घातली की पायाजवळ मोडते. १,२०० च्या वर तीच कांडी स्वतःच्या वजनाने हळूहळू वाकते, म्हणून ती उभी टांगतात. आडवी बसवायची तर खाली आधार लागतो. गार असताना तिचा विद्युत रोध गरम असतानाच्या सुमारे एक-दशांश असतो. पूर्ण व्होल्टेज दिलं तर करंट उसळतो. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर आणि करंट मर्यादा घातलेला थायरिस्टर लागतो आणि सुरुवात सावकाश करावी लागते.

सावकाश म्हणजे कुठेही रेंगाळणं नव्हे. ४०० ते ६०० अंशांच्या पट्ट्यात मॉलिब्डेनम आणि सिलिकॉन दोन्हींचं ऑक्सिडेशन होतं, पण सिलिकाचा काचेसारखा थर बसत नाही. सच्छिद्र किंवा तडे असलेला तुकडा या पट्ट्यात अक्षरशः पावडर होतो. याला पेस्टिंग म्हणतात. चांगल्या घट्ट हीटरचं तेवढं नुकसान होत नाही, पण मॉलिब्डेनम ऑक्साइडची पिवळसर भुकटी सुटते आणि खाली ठेवलेल्या मालावर पडते. पांढरे दात पिवळट किंवा हिरवट निघाले तर रंगाच्या द्रवावर खापर फोडण्याआधी कांड्यांकडे बघावं. चकाकी जाऊन त्या खडबडीत दिसत असतील तर भट्टी रिकामी ठेवून साधारण १,४५० अंशांवर काही तास चालवतात, म्हणजे काचेचा थर पुन्हा बसतो. रोज पूर्ण गार करून पुन्हा तापवली तर हा थर सोलून पडतो, म्हणून काम सलग असेल तेव्हा भट्टी पूर्ण गार न होऊ देणं बरं.

एक कांडी मोडली म्हणून बाकीच्या जुन्या कांड्या काढून, पुसून परत बसवायचा मोह आवरावा. महिनोन्‌महिने १,५०० च्या वर राहिलेल्या कांडीचे कण वाढलेले असतात आणि गार असताना ती नव्या कांडीपेक्षा जास्त ठिसूळ असते. मोडलेली तेवढी बदलायची आणि शेजारच्यांना हात लावायचा नाही.